नाकाने रांधलेली नऊ वर्षं

नऊ वर्षं मी एका फ्रेंच कुटुंबाच्या घरी स्वयंपाक केला आणि त्यातला एक घासही कधी तोंडात घातला नाही. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं?" पूर्वी मी नाकावर बोट ठेवून उत्तर द्यायचे, आणि तेही जरा तोऱ्यात. आता तो प्रश्न कुणी विचारूच नये असं वाटतं.

त्यासाठी आधी माळेचं सांगावं लागेल. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिथे रविवार म्हणजे मटण, आणि पाहुणा आला की कोंबडी. सासर मात्र माळकरी. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी निरोपच धाडला की आमच्याकडे गळ्यात तुळशीची माळ असल्याशिवाय सुनेला चूल शिवता येत नाही. मी एकोणीस वर्षांची होते. माळ घातली आणि मटण सुटलं, मासे सुटले, अंडंसुद्धा सुटलं. माझे धाकटे दीर महिन्यातून एकदा माळ खुंटीला टांगून ढाब्यावर जायचे आणि तोंड पुसत घरी यायचे. सासू म्हणायची, "देव खुंटीवर बसून तुझी वाट बघतोय व्हय रं?" आम्ही सगळ्या हसायचो. मला तसलं जमलं नाही. मी हट्टी आहे, घातली म्हणजे घातली.

सासूची आणखी एक शिस्त होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक चाखायचा नाही. चमचा ओठाला लागलेला दिसला की ते अख्खं पातेलं उष्टं झालं, मग ते गाईपुढे. दोनदा माझी आमटी गाईने खाल्ली तेव्हा मी शिकले. मीठ कमी पडलेल्या आमटीचा वास आखूड असतो, भांड्याच्या काठापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. मीठ बरोबर असलं की तो वर येतो. कांद्याला तर चार वास असतात, कच्चा, घामट, गोड आणि करपायच्या आधीचा. हे मला कुणी सांगितलं नाही. जिभेला जे जे बंद झालं ते सगळं नाकाने शिकून घेतलं, एवढंच.

आमचे मालक तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माथाडी. पहाटे जातात, संध्याकाळी परत येतात. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मी बेलापूरच्या एका सोसायटीत चार घरच्या पोळ्या करत होते, तेव्हा सातव्या मजल्यावर हे फ्रान्सचे नवराबायको राहायला आले. साहेब जासईकडे कंटेनर यार्डात इंजिनियर. मॅडम घरात बसून कॉम्प्युटरवर भाषांतराचं काम करायच्या. त्यांना हॉटेलचा कुक नको होता. त्यांना त्यांच्या आईच्या हातचं, रोजचं, साधं जेवण हवं होतं आणि ते शिकायला तयार असलेली बाई हवी होती. वॉचमनने माझ्याकडे बोट दाखवलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बटाट्याचं सूप करून दाखवलं आणि चमचा भरून माझ्या तोंडापुढे धरला. मी दोन पावलं मागे सरकले आणि गळ्यातली माळ दाखवली. त्यांना वाटलं माझा घसा दुखतोय. शेवटी इस्त्रीचे कपडे द्यायला आलेल्या बाईने हिंदीतून समजावलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "ताई, न चाखणारा कुक म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणारा ड्रायव्हर."

"टेन्शन घेऊ नका मॅडम," मी म्हटलं. "मला नाक आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. ओट्यावर तीन पातेली, तिन्हींवर झाकणं. कशात काय कमी आहे ते सांगायचं. मी पहिलं झाकण उचललं, म्हटलं मीठ नाही. दुसऱ्यात लोणी जास्त तापलंय. तिसरं चांगलं आहे, पण जायफळ जुनं आहे, दुकानदाराने फसवलंय. त्यांनी तिन्ही चाखली आणि मोठ्याने हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे दहा ते चार जायला लागले.

घरी मालकांना सगळं खरं सांगितलं. तिथे कोंबडी असते, डुकराचं मांस असतं, रश्श्यात दारू ओततात. मालकही माळकरी. ते बराच वेळ पायाचा अंगठा बघत बसले. मग म्हणाले, "हात पोटाचं, त्वांड देवाचं. हातानं कर. तोंडात घालू नगंस." आमच्या घरात एवढा मोठा न्यायनिवाडा त्याआधी झाला नव्हता. मी तो नऊ वर्षं पाळला. त्या घरची कोरडी पावाची कडसुद्धा खाल्ली नाही, कारण सुरी तीच आणि पाट तोच. माझा डबा वेगळा, पाण्याची बाटली वेगळी.

मॅडमचा एक हट्ट होता. जे त्या महिन्यात पिकतं तेच त्या महिन्यात खायचं. बारमाही मिळणारी भाजी त्यांना संशयास्पद वाटायची. यात त्यांचं आणि मालकांचं एकदम जमलं, जरी दोघं एकमेकांना नऊ वर्षांत तीनदाच भेटले असतील. मालक संध्याकाळी घरी आले की सांगायचे, "ढोबळी लई आलीया." किंवा "मटार सपला आता, राह्यलाय तो निबर." दुसऱ्या दिवशी मी ते मॅडमना सांगायचे आणि आठवड्याचा बेत ठरायचा. थंडीत लीक यायची. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण, मनगटाएवढी जाड. मालक तिला पैलवान पात म्हणायचे आणि चांगल्या जुड्या निवडून माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. लीक आणि बटाट्याचं सूप हे थंडीतलं रोजचं. पावसाळ्यात लाल भोपळ्याचं. उन्हाळ्यात वांगी, ढोबळी, टोमॅटो आणि दुधीसारखी दिसणारी झुकिनी यांची भाजी. तिला रातातुई म्हणतात आणि ती त्यांच्या दक्षिणेकडची. प्रत्येक भाजी वेगळी परतायची, मग एकत्र आणायची. मी म्हटलं, मॅडम, एकदमच टाकू की, पोटात तर एकच होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गपगुमान चार तवे घेतले.

मॅडम डोंगरातल्या आणि साहेब समुद्राकाठचे. म्हणजे देश आणि कोकण तिथेही आहे, आणि भांडणंही तीच. साहेबांना कुट्टूच्या पिठाचे पातळ घावन हवेत, त्यावर खारं लोणी. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाई कुट्टू उपासाला खायच्या, साहेब त्यावर अंडं फोडून वर डुकराच्या मांसाचा काप ठेवायचे. मॅडमना त्यांच्याकडचा मसूर हवा. पहिल्यांदा त्यांनी मला तो शिजवायला सांगितला तेव्हा मी हसले. अख्खा मसूर आमच्या कराडकडे काय कमी शिजतो? फक्त आम्ही त्यात लसणाची फोडणी घालतो आणि त्या गाजर, तमालपत्र आणि खारवलेलं मांस घालतात. जानेवारीत वाईकडची स्ट्रॉबेरी आली की तिच्यावर अंडं, दूध, मैदा ओतून ओव्हनमध्ये भाजायचं. त्यांच्याकडे तिथे चेरी घालतात.

सगळ्यात अवघड होता सफरचंदांचा उलटा केक. तव्यात साखर जाळायची, पण करपू द्यायची नाही. घड्याळ तिथे उपयोगाचं नाही. मी पाठ वळवून दुसरं काम करत असायचे आणि साखरेचा वास गोडावरून किंचित कडूकडे झुकला की वळून गॅस बंद करायचे. मॅडम त्यांच्या मैत्रिणींना ते दाखवायला बोलवायच्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मला त्या नाकाचा गर्व होता आणि तो सांगायला मला लाज वाटत नाही. शिक्षण सातवी, नवऱ्याच्या पाठीवर पोती, मूलबाळ नाही. माझ्याकडे माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. कोरोनाची भीती लोकांनी केव्हाच सोडून दिली होती, मास्कही कुणी लावत नव्हतं. तीन दिवस ताप, थोडा खोकला, चौथ्या दिवशी मी उठले. दूध गॅसवर ठेवलं आणि पलीकडे केर काढायला लागले. मालक ओरडत आले, "अगं दूध जळलं की सगळं! वास येत न्हाई व्हय तुला?" मी पातेल्यावर वाकले. तळाला काळा थर बसला होता, धूर डोळ्यात जात होता. वास नव्हता. मी उदबत्ती लावून बघितली. कापूर बघितला. हिंगाची डबी नाकाला लावली आणि इतक्या जोरात ओढली की शिंका आल्या, पण हिंग काही आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कुणाला महिना लागतो, कुणाला सहा महिने. मी विचारलं, "आणि नाहीच आला तर?" ते म्हणाले, "त्याला औषध नाही. सवय होते."

मालकांनी ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी मार्केटातून काहीतरी घेऊन यायचे. आल्याचा तुकडा, पुदिना, कढीपत्त्याचा झुबका, एकदा तर मोगऱ्याचा गजरा. हात न धुता आधी माझ्या नाकाखाली धरायचे.

"येतोय?"

"न्हाई."

"थोडा बी?"

"न्हाई ओ."

तीन-चार महिने असं चाललं. मग एक दिवस ते नुसतेच आले, पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. मला राग आला. मग माझ्या लक्षात आलं की माझीही आशा तेव्हाच सुटली होती, फक्त ते आम्हा दोघांपैकी कुणी बोललं नव्हतं.

मॅडमना मी सांगितलं नाही. हीच माझी चूक, आणि ती भित्रेपणाची होती. नाक नाही तर मी कोण? चार घरच्या पोळ्या करणारी बाई. मला वाटलं, नऊ वर्षांचा हात आहे, निभेल. मी सगळं मोजायला लागले. मीठ चमच्याने, कांदा घड्याळाने, ओव्हन घंटीने. साखरेपुढे मी डोळे फाडून उभी राहायचे आणि रंग बदलला की गॅस बंद करायचे. दोनदा केक कडू झाला. एकदा इतका फिका झाला, की साहेबांनी अर्धा ठेवून दिला.  त्या घरात नऊ वर्षं जेवणाच्या टेबलावर मीठ नव्हतं, कारण मीठ टेबलावर लागणं म्हणजे स्वयंपाकघराचा अपमान असं मॅडमच म्हणायच्या. एक दिवस मी ताटं लावायला गेले तर मधोमध मिठाची छोटी वाटी होती. मी ती बघून न बघितल्यासारखं केलं. घरी येताना बसमध्ये मात्र रडू आलं.

त्यातच मॅडमच्या आईचं यायचं ठरलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पहिल्यांदाच हिंदुस्थानात येणार, फेब्रुवारीत महिनाभर राहणार. मॅडम किती दिवस हेच बोलत होत्या. नऊ वर्षं त्यांनी आईला फोनवर माझ्याबद्दल सांगितलं होतं, की माझ्याकडे अशी बाई आहे जी तुझं रश्श्यातलं चिकन न चाखता तुझ्यासारखं करते. आईचा विश्वास बसत नव्हता. त्यांच्याकडे रविवारचा मान त्या चिकनचा. अख्खी कोंबडी लीक, गाजर आणि लवंग टोचलेल्या कांद्याबरोबर हळू शिजवायची, त्याच रश्श्यात थोडी दारू, मग लोणी-मैद्याची कांजी, साय, अंड्याचा पिवळा बलक आणि शेवटी लिंबू. आपल्या पांढऱ्या रश्श्याच्या गावाचंच, पण मिरची नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, आई शनिवारी येईल. रविवारी ते करायचं. तुझ्या हातचं." मी हो म्हटलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

शनिवारी दुपारी मी कोंबडी आणून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवली. मालकांनी लीकच्या दोन लांब जुड्या दिल्या होत्या, त्या मधल्या कप्प्यात आडव्या सरकवल्या आणि दार लोटून घरी आले. घरचे सगळे विमानतळावर गेले होते, रात्री उशिरा आले आणि झोपले. रविवारी सकाळी मी आले तर लीकचे शेंडे दाराच्या फटीतून बाहेर आलेले. दार दोन बोटं उघडं, रात्रभर. फेब्रुवारी असला तरी आमच्याकडे तो उन्हाळाच. फ्रिज घामेजला होता. मी कोंबडीला हात लावला. थोडी बुळबुळीत लागली, पण कोंबडी बुळबुळीत असतेच. पूर्वी असतं तर पिशवीची गाठ सुटता सुटता मला कळलं असतं. मी पिशवी नाकापाशी नेली, सवयीने. मग खाली ठेवली आणि कोंबडी धुतली.

सकाळचं ऊन चढायच्या आत मॅडम आणि साहेब आईला घेऊन खाडीकडे फिरायला गेले. मी चिमणी लावली, दार लावून घेतलं आणि स्वयंपाकाला लागले. सगळं मोजून घातलं. साय ओतली, लिंबू पिळलं. रस्सा दिसायला अगदी जसा हवा तसा झाला, डावाला धरून राहणारा. साडेबारा वाजले होते. आणि मला एकदम भीती वाटली.  मीठ दोन चमचे घातलं होतं, पण ते पुरेसं आहे का, हे मला माहीत नव्हतं. आज ती म्हातारी माझ्या नाकाची परीक्षा घ्यायला सात समुद्र ओलांडून आली होती आणि मला नाकच नव्हतं.

जीभ होती.

मी माळ काढली. तेवीस वर्षं ती अंघोळीलाही काढली नव्हती. ती डब्याच्या पिशवीत ठेवली, रुमालात गुंडाळून. चमचा घेतला, रस्सा घेतला, फुंकर मारली आणि तोंडात घातला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. पाप लागेल, किंवा माहेरचा रविवार आठवेल, किंवा निदान कळेल की नऊ वर्षं मी काय रांधत होते. तसलं काहीच झालं नाही. जिभेवर खारट होतं आणि थोडं आंबट. आंबट लिंबाचं असेल असं मला वाटलं. बाकी सगळं कोऱ्या पाण्यासारखं. मी आणखी एक चमचा घेतला, मग कोंबडीचा एक तुकडा चावून गिळला. मिठाचं मात्र कळलं. ते बरोबर होतं.

एकच्या सुमाराला लॅच उघडल्याचा आवाज आला. साहेब काहीतरी बोलत आत येत होते आणि मधेच थांबले. मग मॅडम फ्रेंचमध्ये भराभर काहीतरी म्हणाल्या. स्वयंपाकघरात पहिल्यांदा आल्या त्या आई. छोट्याशा, पाठीत वाकलेल्या, पायात पांढरे बूट. त्यांनी मला मान लवून नमस्कार केला, त्यांना तो कुणीतरी शिकवला असणार. मग त्या पातेल्याजवळ गेल्या, डाव उचलला, नाकाजवळ नेला आणि जपून परत ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. कुणाच्या घरी वाईट बातमी कळली की बायका बघतात तसं बघत होत्या.

मॅडमनी खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला. "ताई, हे नासलंय," त्या म्हणाल्या. "सगळ्या घरात वास भरलाय. लिफ्टपर्यंत येतोय. तुला... तुला येत नाही?"

"नाही मॅडम."

"कधीपासून?"

"तापापासून."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. "का नाही सांगितलंस? आई आजारी पडली असती. नाक नाही तर नाही, देवाने जीभ दिली आहे ना? एक चमचा! नऊ वर्षं मी म्हणत होते, एक चमचा. तू चाखलं असतंस तर—"

"चाखलं मॅडम."

 मग त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. तिथे इतक्या वर्षांच्या माळेचा फिका पट्टा उरला होता. त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या. त्यांच्या आईला काही कळेना, त्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मी रडले नाही. मी पातेलं उचललं, रस्सा संडासात ओतला, कोंबडी तीन पिशव्यांत बांधून खाली कचऱ्यात टाकली आणि पातेलं घासलं. त्याचा वास निघाला की नाही हेही मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं असतं.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. मी अजूनही तिथे जाते. भाज्या निवडते, चिरते, भांडी आवरते. स्वयंपाकाला आता गोव्याकडच्या एक बाई येतात, चांगल्या आहेत, चमचा सारखा तोंडात. मसूर चांगला करतात असं मॅडम म्हणतात. मिठाची वाटी टेबलावरून गेली. वास आलेला नाही आणि आता येणार नाही. कधी पाऊस पडतो, कधी आंब्याची पेटी येते, कधी शेजारी कुणी तूप कढवतं आणि सगळे म्हणतात, वा! मीही वा म्हणते.

माळ परत घातली नाही. गावी माळ घालणारे बुवा म्हणाले, चूक झाली तर होते, या आणि नवी घाला. पण नवी घालायची तर मनात काहीतरी द्यायचं असावं लागतं. आता मला मटण आणि दोडका सारखंच. जे सोडण्यासारखं उरलं नाही ते सोडते म्हणून देवापुढे काय उभं राहायचं?

त्या रविवारी घरी काय झालं ते सांगायचं राहिलं. चार-साडेचारला मी पोहोचले. मालक झोपून उठले होते, चहा ठेवत होते. माझ्याकडे वळले आणि कपबशी हातातच राहिली.

"माळ कुठाय?"

मी सगळं सांगितलं. फ्रिजचं, कोंबडीचं, मॅडमच्या आईचं. पिशवीतून रुमाल काढून त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं ते ओरडतील, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं. त्यांनी रुमाल उघडला नाही. चहा दोन कपांत ओतला, एक माझ्याकडे सरकवला आणि भिंतीला टेकून बसले. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू दारावर येऊन आपटला, तरी हे उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मग निदान लागलं तरी कसं?"

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. नऊ वर्षं त्या घरची भाजी त्यांनी निवडून बाजूला ठेवली होती आणि त्यांनीही तिचं केलेलं कधी खाल्लं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आम्हा दोघांच्या वतीने मी एकदाच ते तोंडात घातलं होतं. त्यांच्यासाठी काहीतरी रचून सांगावं असं मला वाटलं, लोण्याचं, सायीचं, पैलवान पातीचं. 

"गरम होतं," मी म्हटलं.

 मग त्यांनी माझा गार झालेला चहा उचलला आणि परत गॅसवर ठेवला.